झालरीवरची अक्षरं

आमच्या बाई भर रस्त्यात उलट्या चालायच्या. पाटी टांगून झाली की तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जायचं आणि अक्षरं वाचता येईनाशी झाली की थांबायचं, ही त्यांची रीत. मागून येणाऱ्या रिक्षा अडवायला मी. एकदा अंधेरीत त्या एका कोळणीवर आदळल्या. "तुजे डोले पाठीला हान का गो?" ती कडाडली. बाईंनी माफी मागितली आणि तिलाच विचारलं, रंग उठून दिसतोय का. त्या दिवशी आम्ही बोंबील घेऊन परतलो.

घाटकोपरला पाट्या नि बोधचिन्हं करणाऱ्या त्यांच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत मी आर्टिस्ट होतो. स्वभावानं होयबा. गिऱ्हाइकाला नकार दिला की पाप केल्यासारखं वाटायचं. होकार दिला तरीही. बाई म्हणायच्या, "अरे, आधी कपाळावरची आठी पूस, मग ब्रश उचल."

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मुलुंडचं एक जुनं वाचनालय दुरुस्त होऊन पुन्हा उघडणार होतं. बोधचिन्हापासून पाट्यांपर्यंत सगळं आमच्याकडे. छपराच्या कोरीव लाकडी झालरीतलं एक पान उचलून बाईंनी बोधचिन्ह केलं. नावाची पाटी लहानशी, दाराशेजारी, इमारतीला न टेकता स्वतःच्या खांबांवर. खर्च करणाऱ्या शेठना मात्र झालरीवर मोठी लाल प्लास्टिकची अक्षरं हवी होती, आत दिवे लावलेली. नाहीतर काम दुसऱ्याला. एवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. हो म्हणून टाकू या, असं मी सुचवलं.

"म्हातारीचं लुगडं सुरेख आहे रे," बाई झालरीकडे बघत म्हणाल्या. "त्याला बिल्ले कशाला टाचायचे?"

शेठना हवी तेवढीच मोठी अक्षरं आम्ही पुठ्ठ्यातून कापली आणि झालरीवर सुतळीनं बांधली. शेठ खूश. मग बाईंनी त्यांचा हात धरला. "चला शेठ, मागे." शेठ धोतर सावरत, हसत उलटे निघाले. फाटक गेलं, रस्ता गेला. पानवाल्याच्या बाकड्याला टेकल्यावरच दोघं थांबली. शेठ बराच वेळ बघत राहिले.

"बाई, झालर कुठे गेली? लहानपणी ती बघायलाच मी इकडे यायचो ना."

"आहे की. अक्षरांच्या मागे."

सुतळी शेठनी स्वतः सोडली. उद्घाटनाला पाहुण्यांना हाताला धरून ते झालरच दाखवत होते.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा बोरिवलीच्या एका जुन्या शाळेच्या मंडळानं मला बोलावलं. दारावरची दगडी कमान झाकेल एवढी पाटी त्यांना हवी होती. मी नाही म्हणालो. काम गेलं. घरी बायकोनं कारण विचारलं.

"कमान फार छान आहे गं," मी म्हणालो, आणि तिला घेऊन ती दाखवायला निघालो.