मिश्रीची डबी

शाहूपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. साल दोन हजारनंतरचं असेल. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. बोट सारखं तोंडाकडे जायचं, ओठाला चिंधी लागली की दचकून खाली यायचं. माझी दाढ ठणकत होती, त्यात हे बघून मला राहवेना.

"बोटाला लागलंय का?"

"न्हाय ओ. मिश्री लावायची खोड हाय. पडलेल्या दाताच्या जागी स्क्रू बसवलाय. हाडानं धरलाय, पण हिरडी चिकटंना. बोट फिरलं की सुटती. आता डॉक्टर वरचा भाग बदलणार हायती, हिरडी धरंल असा." चिंधीकडं बघत म्हणाल्या, "त्यो बदलतील, पण बोट तेच हाय की!"

आतून हाक आली. त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्या हातात कोंबली. "पावणं, धरा एवढं."

त्या बाहेर आल्यावर मी डबी पुढे केली. त्यांचा हात अर्ध्यावर आला, थांबला, आणि डबी न घेताच त्या तरातरा जिना उतरून गेल्या.

पुढे दवाखान्यात जाताना दर वेळी ती डबी मी खिशात घालायचो. त्या भेटल्या असत्या, तर दिली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.