चौकड्याची पट्टी

अमरावतीत आमच्या कॉलेजसमोर टी-शर्ट छापणाऱ्या एका दादाचं दुकान होतं. आम्ही मुली बास्केटबॉल खेळायचो. एकदा त्यानं मोबाईलवर आम्हाला एक फोटो दाखवला. पोरांचे फॅशनचे कपडे करणारी एक कंपनी, चेंडू करणारी दुसरी, आणि दोघींची छाप चेंडू ठेवायच्या एकाच पिशवीवर.

"आपनबी असा कोलॅब करू," तो म्हणाला. "तुमचा संघ, माही छाप. बारा पिशव्या. शिंपी हाये का कोनी?"

"अकोल्यात एक आहेत," मी म्हणाले. ते माझे बाबा आहेत हे मात्र सांगवलं नाही.

कापसानं दगा दिला की गावोगावचे दिवाळीचे कपडे आधी रद्द होतात. त्या वर्षीही तसंच झालं होतं; बाबांच्या मशीनवर फक्त उसवलेलं आणि आखूड करायचं काम येई. पिशव्या पसंत पडल्या, तर दादा वर्षभर शिलाई देणार होता.

छापलेलं काळं कापड आणि मापासाठी एक चेंडू मी अकोल्याला नेला. एसटीत घरंगळू नये म्हणून हवा काढून. बाबांनी बास्केटबॉल कधी हातात धरला नव्हता. वाटीसारखा दबलेला तो चेंडू टेबलावर ठेवून त्यांनी माप घेतलं. परीक्षेच्या घाईत हवा काढल्याचं सांगायचं माझ्याकडून राहिलं, आणि चेंडू घेऊन मी परतले.

रविवारी तोच चेंडू हवा भरून घेऊन गेले. बाराही पिशव्या तयार होत्या. एकीत चेंडू घालून पाहिला, तर निम्मा बाहेर.

"माय, हा फुगला काहून?" बाबा म्हणाले.

"तो असाच असतो, बाबा. हवा मी काढली होती."

"बाप मशीनवर, लेक कॉलेजात," आई हसली, "अन् दोघायलेबी चेंडू ठाऊक नाई!"

मला रडू यायला लागलं. काळं कापड संपलं होतं. बाबांनी कपाटातून शाळेच्या गणवेशाचं, कुणी न नेलेलं निळ्या चौकड्याचं कापड काढलं. प्रत्येक तोंडाला वीतभर पट्टी जोडली, नाडी ओवली. मग नेहमीप्रमाणे आतल्या शिवणीत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असे, लाल धाग्याचे तीन टाके घातले. ती त्यांची खूण.

दादानं पिशवी उलटसुलट करून पाहिली. "हे चौकडे कोनाच्या डोक्यातले? लय भारी!"

"माझ्या बाबांच्या," मी म्हणाले.

त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "मंग पह्यलेच काहून नाई सांगितलं? अन् त्यायची छाप कुठं हाये?"

मी पिशवी उलटी करून ते टाके दाखवले.

दादानं पुढच्या तीस पिशव्या सांगितल्या, टाके मात्र बाहेरून हवेत म्हणाला. बाबा बरेच दिवस तयार नव्हते. शेवटी घातले. चौकड्याच्या पट्टीवर, अगदी मधोमध.