शीव न ओलांडता दिलेला पेपर

माझी नात चंद्रकांता कोंढ्याहून पवनीला कॉलेजात जायची. मुख्य विषय इतिहास, आणि जोडीला आंतरराष्ट्रीय संबंध. मी चौथी शिकलेला. तो शब्द तोंडात बसवायला मला अख्खा पावसाळा लागला. पण बसला, आणि मग मी तो बाजारात, लग्नात, मयतीत, सगळीकडे वापरला. नात काय शिकते, असं कुणी विचारायचीच खोटी!

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात, क्वार्टर मिळालेलं. माझा मुलगा टिकाराम, त्यानं पोरीला न विचारता होकार दिला. तेव्हापासून ती भात वाढला तर खायची, नाही वाढला तर तशीच बसायची.

त्यात परीक्षा पुढे गेली आणि शेवटचा पेपर, नेमका तो आंतरराष्ट्रीयच, हळदीच्या दुसऱ्या दिवशी आला. सासरचे पुन्हा परीक्षेला बसू देणार नव्हते. पेपर बुडाला की बी.ए. बुडालं.

"हळदीची नवरी गावची शीव ओलांडत नाही," माझी थोरली वहिनी गोदावरीबाई म्हणाली. घरात तिचा शब्द शेवटचा. "अन् जगाचं शिकून का करन? जवाहरनगरात भातच रांधन ना?"

मी नातीजवळ बसलो. "बाई, तुह्या पुस्तकात सरहद्दीचं काही असन ना?"

भिंतीकडे पाहत, पाढा म्हणावा तशी ती म्हणाली, "आपली वकिलात दुसऱ्याच्या मुलखात असते. पण आपण हो म्हटल्याशिवाय त्याहिले आत पाय ठेवता येत नाही."

"म्हणजे जागा आपलीच!"

"तसं नाही, आबाजी..." एवढं बोलून तिनं सोडून दिलं.

मी कशाला थांबतो! आमच्या शेततळ्याच्या, बोडीच्या पाळीवरची माती टोपल्यानं आणून बैलांच्या रेंगीत पसरली.

"भाऊजी, हे का करून राहिले?"

"गावच गाडीत घेतलं, वहिनी. शीव गाडी ओलांडन. पोरीचा पाय कोंढ्यावरच."

वहिनीनं माती चिमटीत घेऊन पाहिली. "अन् उतरल्यावर?"

"चपलात भरतो. बाकावर बसली का पायाखाली मातीची पोतडी."

"आपल्याच बोडीची हाये ना? दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरची तं नाही आणली?"

"आपलीच."

"मंग जाऊ दे. पण माती वापस आणजा. सारी."

तर अशी माझी नात, अंगाला हळद अन् चपलेत माती, पेपरला बसली. मी खिडकीबाहेर. मास्तरला वाटलं पोतडीत कॉपी आहे. त्यानं गाठ सोडली, हात घातला, आणि मूठभर माती घेऊन नुसता उभा राहिला. चंद्रकांतेनं मान वर केली नाही. लिहीत होती.

परत आलो तेव्हा बायका आरती घेऊन उभ्या होत्या. "उतर बाई, आलं गाव," मी म्हणालो. तिनं मातीवरचे पाय उचलले नाहीत.

"आलो का आपण, आबाजी?"

लग्नानंतर निकाल लागला तसा मी पेढे घेऊन तिच्या सासरी जवाहरनगरला पोचलो. "पास झाली, बाई! आंतरराष्ट्रीयमध्येही!"

"बरं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

दाराशी तिच्या त्या दिवशीच्या चपला होत्या. पट्ट्यांच्या खाचेत बोडीची माती तशीच वाळलेली. वहिनीनं सारी वापस मागितली होती. मी ती चपलेतच राहू दिली.