बियाण्याचा ढीग

मी बेरीज चुकलो. कॉलेजात, कम्प्युटरवर, सगळ्यांसमोर.

सी प्लस प्लसमध्ये आपण बनवलेल्या वस्तूंची बेरीज कशी करायची, ते आपणच लिहून द्यावं लागतं. तोवर अधिकचं चिन्ह मशीनला कळत नाही. सरांनी फळ्यावर नमुना दिला, सगळ्यांनी उतरवला. मला शहाणपण सुचलं. मी प्रोग्रामात पायली बनवली. चार शेरांची एक, आमच्या किन्हवलीकडं भात मोजतात ती. एक ढीग तीन शेरांचा, दुसरा दोनाचा. अधिक केलं. एक पायली एक शेर. मी खूश.

सरांनी दोन्ही ढीग पुन्हा छापायला लावले. पहिल्यात एक पायली एक शेर. दुसऱ्यात शून्य.

"दुसरं भात कुठं गेलं?"

"पहिल्यात ओतलं, सर."

वर्गात हशा फुटला. सर म्हणाले, "सीट राखीव मिळते. अक्कल राखीव नसते." पानभर लाल रेघ. "फळ्यावरचा प्रोग्राम लिहून आण, मग जर्नलवर सही." सही नाही तर परीक्षा नाही. म्हणजे वर्ष वाया.

आणि मी काय केलं? हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. बेशरमासारखा.

एसटीत मात्र हसू येईना. वाटलं, सर खरं बोलले. आपल्या जातीत नसेलच अक्कल. उद्यापासून कॉलेज बंद, वीटभट्टी बरी.

घरी आय खळ्यावर होती. दोन ढीग मोजून ठेवलेले. उगाच विचारलं, "आये, दोन्ही मिळून किती गो?"

"सात पायल्या नि एक शेर." हात कशालाच लावला नाही तिनं.

"ओतून नाय बघितलंस?"

"तू इचारलंस, मी सांगितलं. ओतू कशाला? ह्यो बियाण्याचा, त्यो खायाचा. येडा हायेस का रे?"

मी तिथंच बसलो. माझ्या प्रोग्रामनं बियाणं खाण्यात ओतलं होतं. उत्तर तिसरं असतं, वेगळं. दोन्ही ढीग जागच्या जागी राहतात. न शिकलेल्या आयला जे ठाऊक, ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं. चूक माझीच होती, शंभर टक्के. पण ती माझ्या जातीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून नेलं. बेरजेसाठी तिसरी पायली, तीच उत्तर म्हणून परत द्यायची. तिनाचे तीन राहिले, दोनाचे दोन. सरांनी पाहिलं. चूक सापडेना.

"फळ्यावरचा कुठाय?"

"हाच माझा, सर. चूक खोडली. पायली नाय खोडणार. आणि काल जे बोललात, ते मागं घ्या."

सरांनी जर्नल बाकावर आपटलं. सही नाही.

मी जर्नल उचललं. त्या दिवसापासून माझ्यावरच्या हसण्यात मी सामील झालो नाही. वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षीही पायलीच लिहीन.

बाहेर आलो. माझ्या बाकावरचा मुरबाडचा दोस्त जर्नल उलटसुलट बघत म्हणाला, "गाढवा, चूक सुधारून नापास होणारा तूच पयला."