तुमी श्वास घ्या

लांब सूर आला की भाऊंचा डावा हात छातीपाशी उघडायचा, तळवा आमच्याकडे. त्याचा अर्थ ठरलेला होता. तालमीत ते बोलूनही दाखवायचे, "तुमी श्वास घ्या. मी आहो ना."

रेडिओवर समूहगीत ऐकताना तुम्हालाही कधी वाटलं असेल, शेवटचा सूर इतका वेळ चालतो तो कोणाच्या दमावर? एकाच्याही नाही. चंद्रपूरच्या रेडिओ केंद्रावर आम्ही सहा-सात जण पाळीपाळीने गुपचूप श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सगळे एका दमात गाताहेत. आमचं वृंदगान म्हणजे अशी सरळसरळ चोरी, आणि भाऊ आमचे पहारेकरी. आम्ही श्वास घेऊन परत येईपर्यंत ते सूर धरून उभे असायचे.

राजुऱ्याहून बसने यायचे, तेही भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून. बाहेर भट्टी आणि स्टुडिओत एसी. कंडक्टर हसायचे, पण भाऊंना त्याचं काही नसे. गळा काय माझ्या एकट्याचा आहे, म्हणायचे. आम्हाला लवंग वाटायचे आणि कोणी ती चघळायची सोडून कडकन चावली तर रागवायचे.

वहिनींची मात्र एक जुनी तक्रार होती. इतकी वर्षं गाता, पण त्या गर्दीत तुमचा आवाज कोणता ते कळत नाही. यावर भाऊ खूश व्हायचे. "ओळखू नाई येत म्हणजे मी बराबर गाऊन राह्यलो."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. तरी वैनगंगेवरच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला ते आलेच. थांबत थांबत जिना चढले आणि आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. त्यांना घरी जा म्हणायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

शेवटचा सूर आला. हात उघडला, ओठ उघडले, पण आवाज आला नाही. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एरवी तो तळवा दिसला की आम्ही निर्धास्त श्वास घ्यायचो. त्या दिवशी कोणीच घेतला नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण सूर तुटला नाही.

नंतर चहा पिताना भाऊंनी मफलरने डोळे पुसले. "आज कोणीच श्वास नाई घेतला, बाई," मला म्हणाले. फार जीव होता आमचा त्यांच्यावर.

गाणं रेडिओवर लागायच्या आठवडाभर आधी भाऊ गेले. गाणं लागणार होतं त्या सकाळी मी राजुऱ्याला वहिनींकडे होते. आवाज मोठा यावा म्हणून त्यांनी मुलीचा मोबाइल स्टीलच्या वाटीत ठेवला होता. गाणं शेवटाकडे आलं तशा त्या वाटीवर वाकल्या.

"याच्यात त्यायचा आवाज कोणता व?"

तोच लांब सूर सुरू झाला होता. त्यात आम्ही सगळे होतो, फक्त भाऊ नव्हते.

"हा," मी म्हणाले. "हाच, वहिनी."

त्यांनी वाटी उचलली आणि कानाशी धरली.