तीन मिलिमीटरची फट

मानवतच्या कापसाच्या जिनिंगची कैची, म्हणजे छपराचा लोखंडी सांगाडा, माझ्या चुकीमुळे पडली. वेल्डरची त्यात काहीच चूक नव्हती. एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली.

तेव्हा मी परभणीच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. डिप्लोमा ताजा, पिशवीत वेल्डिंगच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक. वेल्डर झरी गावचे, चौथी शिकलेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. दसऱ्याला जिन सुरू करायची म्हणून मालक रोज येऊन उभा राहायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी बंद होत्या, त्यामुळे आमचे इंजिनीअर आठवडाभर फिरकले नव्हते.

शेवटची कैची खांबावर चढवली तेव्हा तिचा अँगल आणि खांबावरची प्लेट यांच्यात तीन मिलिमीटरची फट राहिली. वेल्डर थांबले.

"साहेब, फट लय हाय. वेल्डिंगचा टाका जाड मारू, न्हाईतर कैची उतरवून नीट बसवू."

"ड्रॉइंगवर सहा मिलिमीटर आहे. सहाच मारा."

"वरून सहा दिसंल. त्यातलं निम्मं फटच खायलीय की."

"मिस्त्री, पुस्तक तुम्ही वाचलंय का मी?"

ते हसले. "तुमीच वाचा. आमी आपले रॉड जाळतो."

दुसऱ्या दिवशी मी त्या सहाच्या टाक्यावर लाल रंग मारून घेतला. रंगाखाली टाका झाकला जातो, म्हणून तपासणीआधी तो लावायचा नसतो, हे मला ठाऊक होतं.

वैशाखातल्या वादळात नेमका तोच जोड उकलला आणि कैची खाली आली. खाली कुणी नव्हतं, एवढंच नशीब. मालक आणि ठेकेदार माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्रींनी रॉड ओले वापरले असतील, टाका कच्चा राहिला."

वेल्डर शेजारीच उभे होते. ते बोलले असते तरी कुणी ऐकलं नसतं; पुस्तक माझ्या हातात होतं.

घरी येऊन मी ते उघडलं. फट असेल तर टाका तेवढाच वाढवावा, असं एका ओळीत लिहिलेलं. त्या ओळीखाली माझीच पेन्सिलची रेघ होती. परीक्षेसाठी मारलेली.

त्यानंतर मानवतमध्ये त्यांना कुणी काम दिलं नाही. पुढं माझी कामं जिंतूरला निघाली. वाटेत झरीला एसटी थांबली की खिडकीतून त्यांचं पत्र्याचं दुकान दिसायचं. ते खाटांचे पाय जोडत बसलेले असायचे आणि मी मान खाली घालायचो. तोवर ठेकेदार वारले, जिन दुसऱ्याकडे गेली. ज्याला खरं सांगितलं की त्यांच्यावरचा डाग धुऊन निघेल, असं कुणी उरलंच नाही.

एके दिवशी उतरलो. त्यांनी डोळ्यांसमोरची वेल्डिंगची काच वर केली, ओळखलं, स्टूल पुढं सरकवलं.

"बसा साहेब. जिंतूरला निघालात का?"

मी उभाच राहिलो.

"मिस्त्री, रॉड कोरडे होते. फट होती, तुम्ही सांगितली होती. मी खोटं बोललो. मला माफ करा."