पूजेच्या वह्या

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाची एक पेढी होती. कापडाबरोबरच पेढीचे मालक, शेठजी, लोकांच्या ठेवीही घ्यायचे. पावती मागणं म्हणजे शेठजींच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, म्हणून कुणी मागत नसे. लक्ष्मीपूजनाला ठेवीदारांना बोलावणं यायचं. पाटावर लाल वह्यांची चळत असे. बायकांनी तिच्यावर हळदकुंकू वाहायचं, हातावर पेढा घ्यायचा आणि निर्धास्त घरी यायचं. वर्षानुवर्षं आम्ही त्या वह्या पूजल्या. उघडून एकानंही पाहिल्या नाहीत. शहाणेच होतो सगळे!

माझी थोरली बहीण, आक्का, विधवा. पाटल्या मोडून आलेले सगळे पैसे तिनं तिथंच ठेवले होते. मुलीला औरंगाबादेला शिकवून मास्तरीण करायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. पूजेच्या वेळी ती दाराशीच थांबायची. एका दिवाळीला शेठजी भर बायकांत म्हणाले, "आक्का, तुम्ही बी फूल वाहा. लक्ष्मी तुमची बी हाय." तेव्हापासून शेठजींबद्दल वाकडा शब्द तिला खपत नसे.

मग सरकारचा कायदा आला. ठेवी घेणाऱ्या पेढ्यांनी परवाना काढायचा आणि वह्या सरकारी माणसाला दाखवायच्या. मी तहसील कचेरीत कारकून; तिथला कारभार तेव्हा उर्दूत चाले. कायद्याचा इश्तिहार, म्हणजे जाहीरनामा, मीच गल्लीत वाचून दाखवला. शेठजींवर संशय घेतात म्हणून लोक सरकारवरच खवळले. दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः माझ्या घरी आले.

"मुन्शीजी, पूजेच्या वह्यांना परक्याचा हात लागावा काय? दिवाळीपर्यंत तपासणी थांबवा म्हणून अर्ज लिहा. तुमच्यासारखी उर्दू अख्ख्या तालुक्यात कुणाची न्हाई."

बस्स, आम्ही चढलो हरभऱ्याच्या झाडावर! कायदा आमच्याच भल्याचा आहे हे मला कळत होतं. तरी चांगला कागद घेऊन, बोरू नीट कापून, मी तो अर्ज लिहिला. आक्का म्हणाली, "माझा अंगठा पहिला घे. त्या माणसानं मला माणसात घेतलं." तिचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं आणि शेजारी अंगठा उमटवून घेतला. खाली गल्लीतल्या बाकीच्यांनी सह्या केल्या.

तहसीलदारांनी अर्ज मंजूर केला. त्या वर्षीची पूजा फार थाटात झाली. आक्कानं शेवंतीचं फूल वाहिलं.

चार दिवसांनी पेढीला कुलूप दिसलं. शेठजी बायकामुलांसकट निघून गेले होते. कचेरीनं कुलूप तोडलं आणि पंचनामा लिहायला मलाच बसवलं. पाटावरच्या वह्या मी स्वतः उघडल्या. पहिल्या पानावर श्री, त्यावर कुंकू, आणि पुढची सगळी पानं कोरी. ठेवी लिहिलेली जुनी वही एकही सापडली नाही. पंचनामा दुसऱ्या कारकुनाच्या हाती देऊन मी उठलो.

बाहेर आलो तर आक्का कचेरीच्या पायरीवर बसलेली. भाची तिच्यामागं उभी होती.

"वहीत न्हाई तर न्हाई," आक्का म्हणाली. "पन सरकारी कागदात कुठं तरी माझं नाव असंल ना रे?"

"न्हाई आक्का, कुठंच न्हाई," मी म्हणालो.

खोटं बोललो. नाव होतं. कचेरीच्या दप्तरात, माझ्या सुरेख अक्षरातल्या त्या अर्जाखाली, सगळ्यांत पहिलं.